मुलीचा सेन्सर, आईचा फोन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मधुमेह असलेल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी आणि त्यासाठी मोबाइलवर मिळणाऱ्या मदतीविषयी आहेत. पहिल्या पत्रातील पेच अनेक घरांत असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते. दहाव्या वर्षापासून तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावेच लागते. गेल्या वर्षी आम्ही शुगर सतत मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर घेतला आणि त्याची रीडिंग माझ्याही फोनवर येऊ लागली. महिन्यापूर्वी तिने मला न सांगता ते शेअरिंग बंद केले. विचारले की चिडते, आणि रात्री उशिरापर्यंत एका एआय चॅटबॉटशी बोलत बसते. तिचे एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी) ७.६ वरून ९.१ वर गेले आहे. तिला डिप्रेशन आले असेल का? मनासाठी एखादे चांगले ॲप सुचवाल का? — एक आई, सांगली

उत्तर : ॲपचे नाव सांगण्याआधी तिला नेमका कशाचा त्रास होतो आहे, हे पाहावे लागेल. दिवसातून चारपाच वेळा इन्सुलिन घेणे, पोळी-भाताचा हिशेब ठेवणे, खेळायला जाण्यापूर्वी शुगर पाहणे आणि हे सारे सुट्टीचा एकही दिवस न मिळता करत राहणे, यातून जो वैताग साचतो, त्याला या क्षेत्रातील लोक ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजण्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. हा वैताग म्हणजे मानसिक आजार नव्हे. मात्र तो दुर्लक्षित राहिला की इन्सुलिन चुकू लागते आणि शुगर चढते. नैराश्याचे तसे नसते. त्यात मधुमेहच काय, मैत्रिणी, आवडते पदार्थ, गाणी, झोप, कशातच मन लागत नाही. आपली मुलगी मैत्रिणींत हसतखेळत असेल आणि फक्त शुगरचा विषय निघाला की बिथरत असेल, तर पहिली शक्यता अधिक आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान आपण घरी करू नये; पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तिच्याशी दहा मिनिटे एकटीशी बोलण्याची विनंती करावी.

आता शेअरिंगविषयी. आपल्या पत्रात हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा रक्तातील शुगरच्या काही मिनिटे मागे असतो. शिवाय या वयातील संप्रेरके, मासिक पाळी, सर्दी-ताप, परीक्षेचा ताण, अपुरी झोप, यांपैकी कशानेही शुगर वाढते. अशा वेळी वर्गात बसलेल्या मुलीच्या फोनवर ‘२४० दिसतेय, काय खाल्लंस?’ असा मेसेज आला, तर तिच्यापर्यंत काळजी पोहोचत नाही, आरोप पोहोचतो. असे आठ-दहा मेसेज रोज आले, तर कोणीही शेअरिंग बंद करील. सेन्सर उपयुक्तच आहे, परंतु त्याच्यामुळे पूर्वी तीन महिन्यांनी होणारी चौकशी आता दर तासाला होऊ लागली आहे, हेही खरे आहे.

तिच्याशी बसून नवा करार करावा. बहुतेक सेन्सरच्या ॲपमध्ये पाहणाऱ्याला आपल्या फोनवरचे अलार्म स्वतंत्रपणे ठरवता येतात. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर बराच वेळ राहिली, तरच आपला फोन वाजेल, एरवी आपण ॲप उघडणार नाही, असे ठरवावे आणि पाळावे. आठवड्यातून एकदा, तिला सोयीच्या वेळी, दोघींनी मिळून शुगर ७० ते १८० च्या दरम्यान किती वेळ राहिली एवढेच पाहावे. सर्वसाधारण उद्दिष्ट ७० टक्क्यांहून अधिक वेळेचे असते. पण आज ४५ टक्के असतील, तर पुढच्या महिन्यात ५० होणे हीही प्रगतीच होय.

एचबीएवनसी एवढे चढले असताना इन्सुलिन सुटते आहे का, हे मात्र विचारायलाच हवे. ‘कधी कधी घ्यायचा कंटाळा येतो का?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. काही मुली वजन वाढेल या भीतीने मुद्दाम डोस टाळतात. तसे असेल, तर एकट्या ॲपच्या भरवशावर राहू नये, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. उलट्या, पोटदुखी किंवा खोल-जलद श्वास दिसला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

चॅटबॉटवर बंदी घालण्याची घाई नको. मध्यरात्री मनातले कोणापुढे तरी मांडता येणे, याचे मोल आहे. परंतु दोन अटी असाव्यात. इन्सुलिनचा डोस त्याला विचारायचा नाही. आणि छाती धडधडणे, घाम फुटणे, हात थरथरणे असे काही होऊ लागले, तर टाइप करण्याआधी शुगर तपासायची, कारण घाबरल्यावर आणि शुगर लो झाल्यावर शरीर जवळपास सारखेच वागते. ७० च्या खाली असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचे काही तिच्या बोलण्यात आले, तर तिला एकटे सोडू नये, घरातील इन्सुलिन मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवून वेळच्या वेळी द्यावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे.

ॲप निवडताना ते काय शिकवते, हे पाहावे. येल विद्यापीठातील मार्गारेट ग्रे आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेह असलेल्या ३२० मुलांना इंटरनेटवरून दोन कार्यक्रम दिले होते. एकात ताण हाताळण्याची कौशल्ये होती आणि दुसऱ्यात मधुमेहाचे शिक्षण. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दोन्ही कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या मुलांना अधिक लाभ झाल्याचे दिसले. नुसता धीर देणारे किंवा दिवसातून चारदा ‘आज कसे वाटते?’ विचारणारे ॲप मला म्हणूनच अपुरे वाटते. ज्या मुलीला आधीच दिवसभर आकडे भरावे लागतात, तिच्यासाठी तो आणखी एक रकाना ठरतो.

प्रश्न : मी वीस वर्षांचा असून पुण्यात वसतिगृहात राहतो. मला टाइप १ मधुमेह आहे. हल्ली फार उदास वाटते. घरी कळू न देता फोनवर मदत मिळेल का? ती गुप्त राहील का? — एक विद्यार्थी

उत्तर : मिळेल. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. आपण सज्ञान आहात आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा आपल्याला हक्क आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र अपवाद होऊ शकतो. फोन लागताच मधुमेह आणि इन्सुलिन यांविषयी सांगावे, कारण मनाच्या आजारावरील काही औषधांनी शुगर वाढते आणि कोणी गोळ्या सुचवल्यास ही माहिती त्यांच्याजवळ असायला हवी. खाजगी ॲपवर मनातले लिहीत असाल, तर खाते आणि मजकूर कायमचा पुसता येतो का, हे आधी पाहून घ्यावे.

आपल्यासारख्याच मुलांशी बोलण्याने पुष्कळ हलके वाटते. पुण्याची ब्लू सर्कल डायबिटीस फाउंडेशन ऑनलाइन आधारगट चालवते आणि छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ ही संस्था टाइप १ असलेल्या मुलांसाठी काम करते. व्हॉट्सॲपवरच्या कोणत्याही गटात ‘इन्सुलिन कायमचे बंद’ अशी जाहिरात आली, तर त्या गटातून तत्काळ बाहेर पडावे. टाइप १ मध्ये इन्सुलिनला पर्याय नाही. घरी सांगणे न सांगणे आपल्या हाती आहे, पण खोलीतील एका तरी मित्राला ग्लुकोजची पुडी कोठे असते आणि आपण बेशुद्ध झालो तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवायची, हे सांगून ठेवावे. १०८ क्रमांक त्याच्या फोनमध्ये असू द्यावा.

प्रश्न : शाळेत मोबाइल आणू देत नाहीत. सेन्सरचा फोन दप्तरातून काढून घेतल्यापासून मुलगा सेन्सर लावायलाच तयार नाही. काय करावे? — एक वडील, नाशिक

उत्तर : राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना केलेल्या शिफारशींत टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा देण्यास सांगितले आहे. त्याचा उल्लेख असलेला अर्ज आणि डॉक्टरांचे पत्र मुख्याध्यापकांना द्यावे. फोनला हरकत कायमच राहिली, तर काही सेन्सरसोबत वेगळे रीडर यंत्र मिळते, ते मागवावे. आणि वर्गात सर्वांसमोर त्याची चौकशी होऊ नये, अशी वर्गशिक्षकांना खाजगीत विनंती करावी.