नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन उत्तर ध्रुवावर पोहोचलाच नाही, मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

नाही पोहोचला. जहाज सोडून बर्फावरून निघालेला तो आणि त्याचा सोबती योहान्सन एप्रिल १८९५ मध्ये उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास मागे फिरले. तेव्हाचा तो विक्रम होता, पण विक्रम बाजूला ठेवा. अमेरिकन संशोधक पिअरी १९०९ मध्ये ध्रुवावर गेला की नाही, यावर लोक आजही भांडतात. 'हात लावून आला' एवढ्यावर मोठेपण मोजलं की असंच होतं.

'फ्राम' हे आपलं जहाज नान्सेनने १८९३ च्या सप्टेंबरात मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं. तळ गोलसर, म्हणजे बर्फाने दाबलं की जहाज चिरडायच्या ऐवजी वर उचललं जाणार. पुढची जवळपास तीन वर्षं बर्फ नेईल तिकडे जायचं आणि मापं घ्यायची.

पहिली फजिती खोलीची. ध्रुवाकडचा समुद्र उथळ आहे, असं नान्सेनलाही वाटत होतं, म्हणून आणलेला दोर तोकडा पडला. मग जहाजावरच्या पोलादी केबलचे पीळ उकलले, तारा पुन्हा वळून हजारो मीटरचा नवा दोर केला, तोही बर्फावर उभं राहून. तळ लागला तो ३,००० मीटरच्याही खाली. वर गोठणबिंदूजवळचं पाणी, त्याखाली काहीशे मीटरवर अटलांटिकमधून आलेला, शून्याच्या वर तापमान असलेला थर. शिवाय बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे दिसलं. कारण पृथ्वीचं फिरणं. त्याचं गणित स्वीडिश शास्त्रज्ञ एकमानने १९०५ मध्ये छापलं.

आता खोटही सांगतो. फ्रामवर मोजलेली खोल पाण्याची क्षारता (खारटपणा) चुकीची निघाली, खऱ्यापेक्षा जास्त. नान्सेननेच पुढे ते मान्य केलं आणि उपकरणांच्या मागे लागला. नान्सेन बाटली त्यातलीच: दोन्ही तोंडं उघडी असलेली पितळी नळी, तारेवर अडकवून सोडायची. थर्मामीटर स्थिरावायला काही मिनिटं थांबायचं, मग वरून तारेवर एक वजन सोडायचं. धक्क्याने बाटली उलटते, झडपा बंद होतात, थर्मामीटरमधला पारा अरुंद जागी तुटतो आणि तिथलं तापमान तसंच राहतं. घाई केली तर वरच्या पाण्याचं तापमान लिहिलं जातं. प्रवाहाने तार तिरकी झाली, तर सोडलेली लांबी म्हणजे खोली नव्हे. १९५९-६५ च्या हिंद महासागर मोहिमेतही याच बाटल्या होत्या.