प्रिय बार्डबुवा, भाषण घरी ठेवून ये

प्रिय बार्डबुवा,

आपला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव झाल्यावर शनिवारी रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहाबरोबर वाचला. "दादा, मला हे जमत नाहीये. सगळे किती पटापट बोलतात. मी घरून एवढी तयारी करून येतो आणि टेबलावर बसलो की मुका होतो. पुढच्या वेळेपासून नुसता बघायला येऊ का?"

नको येऊस. नुसता बघायला तर अजिबात नको. एकेकानं एकेक पात्र होऊन बोलायचं आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं, असा हा खेळ. साडेचार तास दुसऱ्यांचे फासे मोजत बसण्यापेक्षा घरी झोप काढ.

त्या दिवशी काय झालं ते खेळ चालवणारा म्हणून मी माझ्या पडद्याआडून नीट पाहिलं आहे. तुझ्या कॅरेक्टर शीटखाली, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदाखाली, वहीची दोन पानं होती. निळ्या पेनानं भाषण, लाल पेनानं कुठे थांबायचं त्याच्या खुणा. तुझं पात्र म्हणजे बार्ड, गाण्या-बोलण्यानं भुलवणारा शाहीर. तो किल्लेदारासमोर उभा राहणार, बोलणार, किल्लेदार विरघळणार आणि तळघराची किल्ली काढून देणार. तेवढ्यात चोराचं पात्र खेळणाऱ्या आपल्या चोरबाईसाहेब म्हणाल्या, "मी पहारेकऱ्याच्या कुत्र्याला सुकं मटण टाकते." फासा टाकला, वीस पडले, सगळ्यात मोठा आकडा. कुत्रा मटण घेऊन पळाला, पहारेकरी कुत्र्यामागे पळाला, दार उघडंच राहिलं. किल्लेदार कुणाला भेटलाच नाही. तिथून पुढच्या अडीच तासांत तू तीन वाक्यं बोललास, आणि त्यातलं एक "चहा उरलाय का" हे होतं.

तुझी तयारी कमी नव्हती. ती भलत्याच गोष्टीची होती. बोलायचं काय ते तू घेऊन आलास, हवंय काय ते घरीच विसरलास.

आठवतं, मध्येच मी तुला विचारलं होतं, "तुला त्या तळघरात का जायचंय?" तू म्हणालास, "पार्टीला गुरूंना सोडवायचंय ना." पार्टीला, म्हणजे आपल्या पात्रांच्या अख्ख्या टोळीला! मी पार्टीचं विचारलं नव्हतं रे. तुझ्या बार्डाला काय हवंय? गुरूंनी शिकवायचं अर्धं राहिलेलं गाणं हवंय? गुरूंनी त्याला हाकलून दिलं होतं, त्याची माफी हवीय? की गुरू सुटायच्या आत त्यांच्या पोथ्यांवर हात मारायचाय? यातलं काहीही चाललं असतं. हवं असलेलं काहीतरी खिशात असतं, तर कुत्रा पळाला तरी तुझा बार्ड जागेवर उभा राहिला नसता. भाषणाला किल्लेदार लागतो. इच्छेला उघडं दार पुरतं.

आणि समज, किल्लेदार भेटला असता. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला 5 टक्के. तुझा एक पडला असता तर? दुसऱ्या पानाचं काय केलं असतंस?

मी कुडाळचा. आमच्याकडे जत्रेत रात्री पालखी झाली की दशावतार उभा राहतो. लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि मग रंग लावता लावता जे काय बोलणं होईल तेवढंच. पुढे रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि पहाटेपर्यंत चालणारे संवाद, सगळे तिथल्या तिथे सुचलेले. लहानपणी मी माटवाच्या (मांडवाच्या) मागे जाऊन बसायचो. एक राजपार्टी नट, म्हणजे राजाचं काम करणारे, ट्रंकेवर छोटा आरसा टेकवून भुवया काढत होते. मी विचारलं, तुमचं पाठ झालं का? माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाठ कित्याक करूचा? राजाक काय व्हया ता म्हायत आसला म्हणजे झाला. बोलणा आपसूक येता." मग हात धुतले, पेटाऱ्यातल्या गणपतीला नमस्कार केला आणि अर्धी विडी तशीच ठेवून बाहेर गेले.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. हे वाक्य नीट कळायला मला पुढची पंचवीस वर्षं लागली. तुला मी ते फुकट देतोय आणि तू लाल पेनानं खुणा करतोयस.

तुला वाटेल, दादा प्रत्येक गोष्ट कोकणात नेऊन सोडतो. बरं, मग अमेरिकेतलं घे. 1969 मध्ये मिनियापोलिसच्या बाजूला डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसानं आपल्या वॉरगेमवाल्या, म्हणजे टेबलावर लढाया खेळणाऱ्या, मित्रांसाठी एक खेळ रचला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं गाव, आणि प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला, त्या माणसाचा एकेक मतलब दिला. योजना अशी की आधी थोडं हे, मग रीतसर लढाई. झालं काय, तर मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन एकमेकांशी कुजबुजायला लागली, सौदे करायला लागली, लढाई राहिली बाजूलाच. वेस्लीला वाटलं, आपला खेळ साफ फसला. आणि मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या टोळक्यात डेव्ह आर्नेसन होता. त्यानं पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, तीन पुस्तिकांचा खोका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. तू ज्या टेबलावर मुका बसतोस ते टेबल एका फसलेल्या योजनेतून आलंय, हे लक्षात असू दे.

हाच आर्नेसन वेस्लीच्या पुढच्या एका खेळात क्रांतिकारक विद्यार्थी झाला होता, पत्रकं वाटणारा. येताना त्यानं घरून सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून आणलं होतं. भाषण आणलं नव्हतं. आपल्याला काय हवंय ते माहीत आणि खिशात एक कार्ड, एवढ्यावर त्यानं सगळ्यांना गुंडाळलं. म्हणजे तयारी करू नकोस असं मी म्हणत नाहीये. वस्तू आण, हावरटपणा आण, भीती आण. वाक्यं आणू नकोस.

आता तू ते यूट्यूबवरचं काढशील. अमेरिकेतले व्हॉइस आर्टिस्ट चार-चार तास खेळतात, रडतात, गातात, आणि तू ते कानात घालून बसनं टेबलावर येतोस. अरे, आवाज काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे! आपल्या टेबलावर एक बँकेतली, एक फिजिओथेरपिस्ट, एक बेकार (तो स्वतःला फ्रीलान्सर म्हणतो) आणि तू. ते बघून मूड येत नाही, न्यूनगंड येतो. सेशनच्या दिवशी तरी बंद ठेव.

मी हे एवढं रेटून का सांगतोय, ते पण ऐक. कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

मी 2001 मध्ये हॉस्टेलवर खेळायला शिकलो. तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकाची झेरॉक्स, तीही मधली चाळीसेक पानं नसलेली. वीस बाजूंचा फासा कुठे मिळायचा नाही, म्हणून एक ते वीस चिठ्ठ्या टाकून स्टीलचा डबा हलवायचो. एकानं एकची चिठ्ठी गिळली होती, तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच टोळक्यातले आम्ही पाच जण नोकरीला पुण्यात आलो आणि खेळत राहिलो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. माझ्याकडे प्रत्येक सेशनची बारा पानं लिहून तयार असायची. कोण कुठे जाणार, व्हिलन काय बोलणार, सगळं.

2009 चा पावसाळा. त्या शुक्रवारी ऑफिसात अप्रेझल झालं होतं. काय झालं ते सांगत नाही, पण तिथून मी थेट टेबलावर आलो, हेल्मेटसुद्धा पायाशी ठेवून बसलो. आमच्यातली एक मैत्रीण दोन वर्षं एक क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारी पुजारीण, खेळत होती. चौकटीच्या कागदावर तिचा मोहरा म्हणजे लिम्काचं बूच. ऑर्क नावाचा राक्षस, माझ्या बाजूचा, अंगावर आलेला. तिनं मंत्र टाकला आणि बूच मागे सरकवलं, दोन घरं. त्या नियमांत एक घर मागे सरकलं तर शत्रूला फुकटचा वार मिळत नाही, दोन सरकलं तर मिळतो. तिनं बूच सोडलं आणि लगेच म्हणाली, "अय्या, एकच, एकच घर." आणि मी म्हणालो, "हात सुटला. चाल झाली."

मी वार टाकला. तिचे हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा हिशेब, उणे अकरा. तेव्हा उणे दहाला मरण होतं.

ती काही बोलली नाही. कप उचलला, मोरीत जाऊन विसळला, पालथा ठेवला आणि गेली. पुन्हा टेबलावर आली नाही. तीन महिन्यांत टेबलच मोडलं.

नियम माझ्या बाजूनं होते. हे मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो, आणि आजही सांगेन, नियम माझ्याच बाजूनं होते. पण त्या दिवशी त्या ऑर्कला काय हवं होतं? काहीच नाही. मारायचं मला होतं, आणि ती तर त्या ऑफिसातली पण नव्हती. माझ्या बारा पानांत ऑर्कचे हिट पॉइंट होते, कुऱ्हाडीचं वर्णन होतं, आरोळी होती. त्याला हवंय काय, ही एक ओळ नव्हती. ती असती, तो उपाशी असता किंवा नुसता घाबरलेला असता, तर मी त्याच्या डोक्यानं विचार केला असता. रिकाम्या जागेत मी स्वतः जाऊन बसलो.

म्हणून माझं म्हणणं, पात्राला काय हवंय ते ठरव. ठरवलं नाहीस की तिथे तू येऊन बसतोस. तुझा सबमिशनचा ताण येऊन बसतो, बाकीचे हुशार आहेत ही भीती येऊन बसते. शनिवारी टेबलावर बार्ड मुका नव्हता, तो आलाच नव्हता. तू आला होतास.

सेशन माझ्याच घरी असतं तरी पावणेचारला मी दूध आणायला खाली जातो, हे तू पाहिलंयस. पिशवी घेऊन पार्किंगच्या कठड्यावर दहा मिनिटं बसतो. वॉचमनला वाटतं, घरात भांडण झालंय. तिथे मी एवढंच करतो: आज कोण कोण येणार त्यांची नावं मनात घ्यायची, माझ्या बाजूच्या प्रत्येक माणसाला, राक्षसाला काय हवंय ते एका दमात म्हणायचं, आणि आठवड्याचा कचरा तिथेच सोडून जिना चढायचा. न जमलेल्या दिवशी मी सेशन रद्द करतो. मागच्या महिन्यात ऐनवेळी केलं, तेव्हा ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केलीत. करा.

तुला दूध आणायची गरज नाही. जेवून ये, उपाशी पोटी कुणाला धड काही हवंसं वाटत नाही, फक्त वडापाव हवासा वाटतो. बसमध्ये मागच्या वेळच्या नोंदी वाच. आपल्याकडे कुठले मंत्र शिल्लक आहेत ते बघून ठेव, टेबलावर शीट चाळत बसलास की मी ओरडणार. आणि वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिही, "माझ्या बार्डाला आज अमुक हवंय." 'पार्टीला' हा शब्द त्यात नको. जमलं तर खाली आणखी एक, चोरबाईसाहेबांना काय हवंय असं त्याला वाटतं. कारण सुचेनासं झालं की दुसऱ्याच्या पात्राला काहीतरी विचारायचं. "तुला कुत्र्यांचं एवढं कसं कळतं गं?" एवढं विचारलं असतंस तरी त्या दिवशी अर्धा तास रंगला असता. तिच्याकडे उत्तर होतं. सेशन संपल्यावर जिन्यात तिनं मला सांगितलं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून थोडी खट्टूच होती.

तीच म्हणाली, "तुम्ही त्याला जागा करून द्यायला हवी होती. किल्लेदाराला आणायचं की बाहेर, काय बिघडलं असतं?" नाही. आणला असता तर तू भाषण वाचलं असतंस, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुढच्या वेळी तू चार पानं आणली असतीस. तिच्या कुत्र्यानं मिळवलेलं दार मी तुझ्या वहीसाठी बंद केलं असतं, ते वेगळंच. मी बरोबर केलं.

अडीच तास तुझ्याकडे एकदाही वळून "बार्ड काय करतोय?" असं विचारलं नाही, ते मात्र चुकलं. ते माझ्याकडे लागलं.

भाषण फाडू नकोस. चांगलं आहे, तू चहा घ्यायला गेलास तेव्हा मी पहिलं पान वाचलं. रागावू नकोस, डीएमला सगळं वाचावं लागतं. त्यात मधे एक ओळ आहे, गुरूंनी आपल्या वीणेची तार तोडली होती ती. ती तुला कुठून सुचली माहीत नाही, पण बाकी दीड पान त्या ओळीच्या अंगावर पांघरूण घालतंय.

शनिवारी चारला. पहारेकरी अजून कुत्र्यामागे आहे, तळघरात सतरा पायऱ्या आहेत आणि खालून कुणीतरी वीणा लावतंय. एक तार कमी आहे. पहिली चाल तुझी.

तुझा,
दादा