मॅग्नेट पुलर विकत घे, क्लच होल्डर घरी बनव

मोटरसायकलच्या क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, घट्ट बसलेलं चुंबकाचं चाक म्हणजे मॅग्नेट, आणि ते ओढून काढायचं अवजार म्हणजे मॅग्नेट पुलर. हा पुलर बनवायच्या भानगडीत पडू नकोस. त्याचे आटे तुझ्या गाडीच्या मॅग्नेटशी तंतोतंत जुळावे लागतात, व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दोन्ही. काही गाड्यांत आटे उलटे असतात, ते आधी बघ. पुलर हातानेच शेवटपर्यंत आत बसव. दोन-तीन आट्यांवर जोर दिलास तर मॅग्नेटचेच आटे उडतात आणि खर्च पुलरच्या कितीतरी पट होतो. मॅग्नेटवर हातोडी चालवायची नाही, आतले चुंबक तडकतात. मॅग्नेट निघाल्यावर क्रँकवरची छोटी चावी, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा तुकडा, शोध. ती कधीकधी मॅग्नेटलाच चिकटून जाते.

क्लच होल्डर म्हणजे क्लचचा मधला नट सोडताना क्लचचा हब (मधला भाग) फिरू नये म्हणून धरायचं अवजार. त्याला मात्र पैसे घालू नकोस. गॅरेजमधून त्याच मॉडेलच्या जुन्या स्टील क्लच प्लेट माग. एकच प्लेट वापरलीस तर तिचे पातळ दात ॲल्युमिनियमच्या हबमध्ये रुततात, म्हणून तीन प्लेट दात जुळवून एकत्र वेल्ड करून घे. त्यावर फूटभर लांब, जाड लोखंडी पट्टी जोड. मधल्या नटावर सॉकेट जाईल एवढी जागा मोकळी ठेव. पट्टी हाउसिंगच्या कडांना अडत असेल तर तिला बाक दे. नट सोडताना पट्टीचं टोक फूटरेस्टला टेकव, इंजिनच्या केसिंगला कधीच नाही.