गच्चीवरचं रान : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

कोरोनाच्या साथीतली, २०२० च्या जुलैतली दहा दिवसांची कडक संचारबंदी उठली आणि पत्रांचा नुसता पाऊस सुरू झाला. विषय दोनच, कचरा आणि कोथिंबीर. कृषी खात्यातली माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यातच झाली, म्हणून ही उत्तरं इथल्या उन्हाला आणि इथल्या पाण्याला धरून आहेत. कोकणातल्या परसबागेचे व्हिडिओ बघून प्रश्न पाठवणाऱ्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात आमचं २४ घरांचं अपार्टमेंट आहे. लॉकडाऊन लागल्यापासून आम्ही चार घरं मिळून पार्किंगच्या कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करतोय. आता आंबूस वास सुटलाय, अळ्या वळवळतात आणि बाकीची वीस घरं नाकं मुरडतात. बंद करावं का?

बंद कशाला करता? तुमच्या पत्रात कलिंगडाच्या साली आहेत, चहाचा चोथा आहे, पालेभाजीची देठं आहेत. सुकं काय घालता याचा मात्र पत्ता नाही, म्हणजे घालत नसणार. नुसत्या ओल्यात पाणी साठतं, हवा कोंडते आणि कचरा सडायला लागतो. वास त्याचाच. एक वाटी ओलं टाकलं की वर दीड-दोन वाट्या सुकं पडलंच पाहिजे.

मग मूठभर माल हातात घेऊन पिळून बघा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब डोकावला तर बेत जमला. धार लागली तर आणखी सुकं घालून खालीवर करा. हात कोरडाच राहिला तर पाण्याचा हबका मारा. एप्रिल-मेमध्ये ही वेळ हमखास येते. बादलीला बुडाशी आणि कडेनं भोकं नसतील तर आजच पाडून घ्या.

सुकं आणायचं कुठून, असं विचारू नका. सोलापूरकरानं तर नाहीच. शेंगाचटणीसाठी घरी शेंगा फोडणारी कितीतरी घरं आहेत आणि टरफलं सरळ कचऱ्यात जातात. ती पोत्यात भरा, पोत्याचं तोंड बांधा आणि पोरांना त्यावर नाचवा. अख्खं टरफल वर्ष काढतं, चुरा लवकर जिरतो. गोठा जवळ असेल तर जनावरांनी खाऊन उरलेला कडब्याचा चघळ मागा, कुणी नाही म्हणत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो, तेव्हा रस्त्यावरचा पाला पोती भरून ठेवायचा. तोवर ऑनलाइन सामानाचे पुठ्ठे आहेतच. चिकटपट्टी काढा आणि फाडून घाला. यंत्रमागाच्या शेडमधला सुताचा गुंता चालेल का, असंही एकानं विचारलंय. नको. त्यात रंग असतो आणि बऱ्याचदा पॉलिस्टरही.

अळ्यांचं वर्णन तुम्ही जसं लिहिलंय त्यावरून त्या काळ्या सैनिक माशीच्या दिसतात. ही माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसायला येत नाही, आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. बघवत नसतील तर वर दोन बोटं सुक्याचा थर ठेवा. कोंबड्या पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर ते या अळ्या आनंदानं नेतील. विकतच्या कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पुडी लागत नाही. आंबट ताक आणि जुन्या खताची मूठ पुरते. उरलेली आमटी, तेलकट भाजी, मटणाची हाडं मात्र या बादलीत नकोत. दोन-तीन महिन्यांत खत चाळायला येईल. वीस घरांना भाषण देत बसू नका, पहिली चाळणी त्यांच्या तुळशीला घाला.

प्रश्न : मी विड्या वळते. आमच्या घरकुलात दारासमोर तीन डब्यांत मिरची लावलीय. पानं आक्रसली आहेत, काहींवर पिवळे-हिरवे चट्टे आहेत. तंबाखूनं कीड मरते म्हणतात म्हणून सुपातला चुरा बुडाशी टाकला. पानाची कात्रण खतात घातली तर चालेल का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असा प्रश्न सोलापूरशिवाय फारसा कुठून येणार नाही.

कात्रण खुशाल घाला. तेंदूचं पान म्हणजे झाडाचंच पान, आणि पत्र्याचा फर्मा ठेवून कातरून उरलेल्या पट्ट्या आधीच बारीक असतात. टरफलांपेक्षा हे काम सोपं. फक्त ती तंबाखूच्या सुपाला लागू देऊ नका. पानं कातरून झाली की कात्रण आधी बाजूला काढायची, तंबाखू नंतर मांडीवर घ्यायची.

चुरा मात्र आजच वरच्या मातीसकट काढून टाका. तंबाखूच्या झाडाला मोझॅक नावाचा एक विषाणूजन्य रोग होतो. पान वाळवलं, पिकवलं, कुटलं तरी तो विषाणू मरत नाही, आणि तो मिरची, टोमॅटो, वांग्यालाही लागतो. पसरतो तो मुख्यतः हातांनी. दिवसभर विड्या वळून उठायचं आणि त्याच हातानं मिरचीचा शेंडा खुडायचा, एवढं त्याला पुरतं. पिवळे-हिरवे चट्टे याच रोगाचे असू शकतात. असं झाड उपटून टाका, खतात घालू नका. बाकीच्या झाडांना हात लावण्याआधी साबणानं हात स्वच्छ धुवा. कोरोनामुळं ती सवय लागलीच आहे. तंबाखूचं पाणी फवारण्याचा जुना उपायही घरच्या भाजीवर नको, निकोटीन हे विषच आहे.

आक्रसण्याचं कारण वेगळं असू शकतं. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. दोन्हींवर निंबोळीचा अर्क चालतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबणाचा चुरा मिसळायचा आणि पानाच्या खालच्या अंगाला मारायचा. संध्याकाळी मारा, उन्हात नको. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या कुणी ना कुणी वाळवून ठेवलेल्या असतात. शेजारी विचारा.

कारखाने बंद होते तेव्हा तुमच्याकडं मजुरी नव्हती, हे पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलात. तीन डब्यांच्या मिरचीनं ती भरून येणार नाही, हे मलाही कळतं. पण मिरचीबरोबर दोन डबे अंबाडीचेही ठेवा. तुमच्या पूर्व भागात गोंगुरा, म्हणजे अंबाडीच, घरोघरी शिजतो, ती उन्हाला दाद देत नाही, आणि शेंडा खुडला की पुन्हा फुटते.

प्रश्न : पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू का?

नको. मशीन क्षार काढून त्याच पाण्यात सोडतं. बोअरच्या पाण्यावर मशीन चालत असेल तर विचारायलाच नको. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते, काळी माती घट्ट बसते आणि पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशीला आणि संडासाला वापरा. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी झाडांना द्या. मोठ्या कुंडीत मधोमध छोटं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, वर झाकणी. पाझरून मुळाशी जेवढं लागेल तेवढंच जातं. वर टरफलाचा थर द्या.

प्रश्न : वडील कोरोना पॉझिटिव्ह आहेत, घरीच वेगळ्या खोलीत ठेवलंय. त्यांच्या ताटातलं उरलेलं खतात टाकलं तर?

बरे होईपर्यंत टाकू नका. बादलीतलं खत मोठ्या ढिगासारखं तापत नाही, त्यामुळं जंतू मरतीलच असं नाही. त्यांचे मास्क, टिश्यू तर ओल्या कचऱ्यात मुळीच नकोत. वेगळ्या पिशवीत बांधा आणि कचरा नेणाऱ्याला आधी सांगून द्या. ज्यांच्या घरी रुग्ण नाही त्यांनीही वापरलेला मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, कापून मगच कोरड्या कचऱ्यात टाकावा, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची सूचना होती. वडिलांना लवकर आराम पडो.

प्रश्न : अक्कलकोट रोडला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. गच्ची दहा बाय वीस. चौघांची भाजी तिथंच निघाली तर मंडईत पाऊल टाकायला नको. जमेल ना?

नाही जमणार, गुरुजी. पालेभाजी निघेल, मिरची-कढीपत्ता निघेल, टोमॅटो कधीमधी निघेल. रोजची भाजी निघणार नाही. गच्चीवर शेती होते असं सांगणाऱ्यांनी सोलापूरचा मे महिना गच्चीवर काढलेला नसतो.

पण सप्टेंबर हा आपला महिना आहे. परतीचा पाऊस आणि उतरतं ऊन, एवढं भांडवल पुरे. फळवाल्याचे क्रेट घ्या, आत जुनं पोतं अंथरा. नुसती काळी माती भरू नका. भिजली की चिखल, वाळली की भेगा. एक भाग माती, एक भाग खत, एक भाग टरफलाचा चुरा किंवा कोकोपीट. क्रेट गच्चीच्या मध्ये नको, खाली भिंत असेल त्या कडेला मांडा. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच पेरा, तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. शेपू, चुका, पालकही आता चालतो. धने चपलेनं हलके रगडून दोन फाळ्या करून पेरायचे. उन्हाळ्यात मात्र कोथिंबिरीच्या नादी लागू नका. मार्चनंतर अंबाडी, तांदुळजा, गवार, आणि डोक्यावर हिरवी जाळी.

आता मंडईचं. एप्रिलमध्ये तुमच्या भागात शेतकरी टेम्पो घेऊन येत होते ना? मंडई उघडल्यावर किती जणांनी त्यांचा नंबर ठेवला? एकाचा शोधा. चार-पाच घरं मिळून आठवड्याची ठरलेली भाजी सांगा, आणि जुडीमागं रुपयासाठी घासाघीस करू नका. त्याला गिऱ्हाईक नक्की हवं असतं, तुम्हाला गर्दी टाळायची असते.

त्यालाच ज्वारीचंही विचारून ठेवा. आपलं पोट शेवटी भाकरीवरच भरतं. रब्बीची पेरणी आता तोंडावर आहे. मालदांडी म्हणजे घरचंच वाण, त्यातली एम ३५-१ ही निवड मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी झाली की खळ्यावरून थेट वर्षाची पोती घ्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, थांबा. घरी आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा, सावलीत गार होऊ द्या आणि मग कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोठीत भरा. गरम भरली तर आत घाम धरते आणि कीड लागते.