‘टेन्शन’ न लिहायची वही

“मॅडम, आज शेवटचं सेशन. पुन्हा झालं तर मी कोणाला विचारू?”

बँकेत कॅशिअर असलेल्या बाई दाराशी थांबून विचारत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा, त्रास होता. माझ्याकडे समुपदेशनाची १४ सेशन्स झाली, लोकलचा प्रवास पुन्हा सुरू झाला. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मी त्यांना एक वही ठेवायला सांगितलं. रोज चार ओळी, अट एकच: ‘टेन्शन’ हा शब्द लिहायचा नाही.

मुलीची परीक्षा, सासूबाईंचं ऑपरेशन, साहेबांचं बोलणं, आपण सगळ्यालाच टेन्शन म्हणतो. मग नेमकं काय करायचं तेही सुचत नाही. खरं तर मराठीत शब्दांना तोटा नाही. धास्ती, हुरहुर, रुखरुख, घालमेल, चिडचिड, उद्वेग. धास्ती पुढे काय होईल याची असते, रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची. धास्तीला धीर लागतो; रुखरुखीला कधीकधी एक फोन पुरतो. मला हे शब्द फार मोलाचे वाटतात.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली, छातीत धडधडलं, हातपाय गार पडले. “सगळं पाण्यात गेलं, मॅडम.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? सावकाश श्वास सोडत बसले. थोड्या वेळाने ओसरलं. मग ऑफिसला गेले.”

शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो, हे त्यांनी सेशनमध्ये शिकलेलं होतं. पूर्वी असं झालं की त्या पुढच्याच स्टेशनवर उतरून घरी परतायच्या. एखादा अटॅक येणं म्हणजे आजार उलटणं नव्हे.

मग त्यांनी वही काढली. त्या आठवड्यात ‘चिडचिड’ तीनदा. कशाची? भावाने माहेरच्या घराच्या हक्कसोड पत्रावर, म्हणजे घरातला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागितली होती. “मला काही नकोच आहे,” त्या म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. “पण तुला काय वाटतं, असं कोणी विचारलंच नाही.” चौदा सेशन्समध्ये हा विषय एकदाही निघाला नव्हता. तो त्यांना त्यांच्याच वहीत सापडला.

मध्यंतरी मोबाइलवर वाचून वाचून त्यांना स्वतःमध्ये ओसीडीपासून (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) बायपोलरपर्यंत (कधी अति उत्साह तर कधी अति उदासी येण्याचा आजार) सगळं दिसू लागलं होतं. वाचायला हरकत नाही, पण सोबत दोन प्रश्न हवेत: हे किती दिवस चाललंय, आणि त्याने रोजची कामं किती अडतात? एक दिवस उदास जाणं वेगळं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहिलं, कशात रस उरला नाही, झोप-भूक बिघडली, तर परत यायचं. त्यात हार नाही. जगणं नकोसं वाटलं तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

सही त्यांनी अजून केलेली नाही. भावाशी बोलायचं ठरलंय. “आधी वहीत लिहून बघते,” म्हणाल्या, “तोंडून नुसतं ‘टेन्शन आलंय’ निघायला नको.”