‘छातीत गॅस’ इंग्लिशमध्ये कसा सांगायचा?

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, मराठी शाळेतून रिटायर झालेय. आमच्या सोसायटीतल्या नऊ जणांना आठवड्यातून दोनदा इंग्लिश शिकवते, बहुतेक सगळे मुलांकडे अमेरिकेला नाहीतर इंग्लंडला जाणारे. पुस्तकातला ‘ॲट द डॉक्टर’ हा धडा सगळ्यांचा पाठ आहे, ‘आय हॅव अ हेडेक’ तर झोपेतसुद्धा म्हणतील. पण त्यातल्याच एक काकू गेल्या वर्षी न्यू जर्सीला गेल्या आणि डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द फुटेना, सगळं मुलीनेच सांगितलं. माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं नाही हो, त्या धड्याचं चुकतंय. धड्यात पेशंटची वाक्यं असतात, डॉक्टरचं एकच, ‘व्हॉट इज द मॅटर?’, आणि खरा डॉक्टर नेमकं तेवढंच विचारत नाही! खऱ्या व्हिजिटमध्ये आधी काउंटरवरची मुलगी, मग नर्स, मग डॉक्टर असे तिघं भराभर विचारत असतात आणि आपण नुसती उत्तरं देत असतो. त्यामुळे काकूंना बोलता आलं नाही असं मला वाटतच नाही, त्यांना प्रश्नच कळले नसणार.

माझ्या बॅचमध्ये एक आजोबा होते, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, इंग्लिश फाडफाड. रोल-प्लेमध्ये मी डॉक्टर झाले आणि विचारलं, ‘डिड यू पास आऊट?’ तर आजोबा ताठ बसून म्हणाले, ‘येस, इन नाइन्टीन सेव्हन्टी-फोर, फर्स्ट क्लास.’ सगळे हसले, पण तिकडे पास आऊट म्हणजे चक्कर येऊन शुद्ध हरपणं, म्हणजे त्यांच्या फाइलीत हे गृहस्थ १९७४ साली बेशुद्ध पडले होते असं गेलं असतं. थ्रो अप म्हणजे उलटी होणं, फेंट म्हणजेही तेच, शुद्ध जाणं, आणि ‘एनी ट्रबल गोइंग टू द बाथरूम?’ हा प्रश्न बाथरूम किती लांब आहे याचा नसतो, पोट साफ होतं का, लघवीला त्रास होतो का हे विचारायचं असतं. असे वीस-पंचवीस प्रश्न घ्या आणि नुसते ऐकवा, त्यावर उत्तर इंग्लिशमध्ये नको, मराठीत ‘काय विचारलं’ एवढंच सांगू दे. माझा पहिला महिना यातच जातो. आणि लूज मोशन्स हा शब्द आपल्याला इंग्लिश वाटतो, पण अमेरिकेतल्या नर्सला त्यातून काही कळेलच असं नाही, तिथे डायरिया म्हणायचं.

त्यानंतर शरीर. चार्टवर हँड, लेग, स्टमक असे बाण काढून मुलांना शिकवतात तसं मोठ्यांना शिकवू नका, कारण अडचण स्पेलिंगची नाहीये, आपलं शरीर मराठीत वेगळ्या जागी कापलेलं आहे. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत. त्यांचा हँड मनगटाला संपतो, वरचा तो आर्म. म्हणजे डावा हात दुखतोय म्हणून कुणी ‘लेफ्ट हँड पेन’ म्हणालं तर डॉक्टर तळवा बघत बसणार, आणि आपल्याला सांगायचं असतं की छातीतून कळ निघून हाताकडे जातेय. पायाचंही तेच, लेग वेगळा आणि फूट वेगळा. बोटं आपली हातालाही आणि पायालाही, त्यांची फिंगर्स फक्त हाताला. कंबर दुखतेय याचं भाषांतर ‘वेस्ट पेन’ असं नऊपैकी सात जण करतात (माझ्या क्लासमध्ये तरी), म्हणायचं असतं लोअर बॅक. यावर सोपा उपाय म्हणजे बोट ठेवून ‘हिअर’ म्हणायचं, आणि ते म्हणायला लाजायचं नाही.

मग दुखण्याचे शब्द. आपल्याकडे केवढी श्रीमंती आहे बघा, ठणका, कळ, चमक, शिणका, आग, जळजळ, मुंग्या, कणकण, कसकस, अंग मोडून येणं. ‘कणकण’चा इंग्लिश शब्द कोणता म्हणून तासभर डोकं खाऊ नका, ‘आय फील लाइक आय ॲम गेटिंग अ फीवर’ बास झालं. पण विकनेसपाशी मात्र थांबा. आपल्या तोंडात विकनेस म्हणजे अशक्तपणा, गळून गेल्यासारखं वाटणं. तिकडच्या डॉक्टरने विकनेस ऐकला की एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली का हे त्याला आधी बघावं लागतं, कारण ते स्ट्रोकचं लक्षण असतं. मग ‘स्क्वीझ माय फिंगर्स’, ‘पुश’, ‘पुल’ सुरू होतं आणि आजी घाबरून जातात की मला झालंय तरी काय. तेव्हा गळून गेल्यासारखं असेल तर ‘टायर्ड, नो एनर्जी’, आणि खरंच एक हात उचलत नसेल तर मात्र विकनेस म्हणायचं, आणि जोरात म्हणायचं.

आता गॅस. आपल्याकडे छातीत दुखलं तर गॅस, पाठीत भरला तर गॅस, डोक्यात चढला तरी गॅसच. अमेरिकेत गॅस म्हणजे गाडीत भरायचं पेट्रोल, नाहीतर पोट फुगून वारा सरणं. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय आणि तुम्ही ‘गॅस’ म्हणालात तर डॉक्टरला चुकीच्या दारात नेऊन उभं केलंत, आणि तेही स्वतःच निदान करून. म्हणून माझ्या क्लासमध्ये गॅस, पित्त, वात, उष्णता या शब्दांना बंदी आहे, ही सगळी आपली घरगुती निदानं, लक्षणं नव्हेत. काय होतंय ते सांगा, ‘प्रेशर हिअर’, ‘बर्निंग हिअर, आफ्टर फूड’.

हे मी उगाच ताणत नाहीये. १९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं, घरचे क्युबातून आलेले, स्पॅनिश बोलणारे. ते म्हणाले ‘इन्टॉक्सिकादो’, आपण ‘काहीतरी बाधलंय’ म्हणतो ना, साधारण त्याच अर्थाने. डॉक्टरांना ऐकू आलं ‘इन्टॉक्सिकेटेड’, मग ड्रगचा ओव्हरडोस धरून उपचार झाले, आणि खरं तर डोक्यात रक्तस्राव चालू होता. मुलाचे दोन्ही हातपाय कायमचे लुळे पडले, भरपाईचा आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर गेला. म्हणजे व्याकरण कुणाचंच चुकलं नव्हतं, दोन भाषांत सारखा दिसणारा एक शब्द घात करून गेला. आपला विकनेस आणि गॅस त्याच जातीचे.

व्याकरणाचं म्हणाल तर ‘आय हॅव पेन सिन्स टू डेज’ बिनधास्त चालू द्या, डॉक्टरला कळतं. पण ‘परवापासून’ सोडू नका! आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे ‘पेन स्टार्टेड डे आफ्टर टुमॉरो’ हे वाक्य मी स्वतःच्या कानाने ऐकलंय. मी तर वारच सांगायला लावते, ‘सिन्स मंडे’.

आणि सगळ्यात धोक्याचा शब्द म्हणजे ‘येस’. नर्स विचारते, ‘यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जीज?’ आपण मराठीत विचार करतो, ‘तुम्हाला ॲलर्जी नाही ना?’ त्याला आपलं सरळ उत्तर ‘हो’, म्हणजे हो, बरोबर, नाहीये. तेच ‘येस’ म्हणून बाहेर पडतं आणि नर्सला कळत नाही की ॲलर्जी आहे का नाही, त्यात आपली मान अशी डुलते की तिच्यावरून आपल्यालाच काही कळू नये. म्हणून नुसतं येस-नो कुणालाच म्हणू देऊ नका, पूर्ण बोलायचं, ‘नो ॲलर्जीज’, ‘नो डायबेटीस’, ‘येस, आय टेक बीपी टॅब्लेट’. मी दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं नकारार्थी प्रश्नांचाच मारा करते. पहिले दोन आठवडे सगळे चिडतात.

गोळ्यांसाठी एक तास वेगळा ठेवा आणि प्रत्येकाला आपापली औषधांची पिशवी घेऊन यायला सांगा. ब्रँडचं नाव तिकडे चालत नाही, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव कार्डावर उतरवून घ्या, सोबत किती मिलिग्रॅम आणि दिवसातून कितीदा. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, इंग्लंडमध्ये त्याला पॅरासिटामॉलच म्हणतात पण अमेरिकेत त्याच औषधाचं नाव ॲसिटामिनोफेन, आणि ते तिथल्या सर्दीच्या बऱ्याच औषधांत आधीच मिसळलेलं असतं. म्हणजे इथून नेलेली गोळी आणि तिथलं सर्दीचं औषध दोन्ही घेतलं तर डबल डोस जातो आणि लिव्हरवर येतं. आपलं १-०-१ तिथे कुणाला कळेलच असं नाही, ‘वन इन द मॉर्निंग, वन ॲट नाइट’ असं म्हणायला लावा. इंग्लंडला जाणाऱ्यांना एवढं जास्तीचं सांगा की तिथे ताप सेल्सियसमध्ये मोजतात, आपला १००.४ म्हणजे त्यांचा ३८, आणि शुगरचा आकडा आपल्या आकड्याला १८ ने भागून येतो, १८० असेल तर १०. नाहीतर तिथल्या मशीनवर ७ बघून आजोबांना वाटेल आपण आता गेलोच.

एक राहिलं. क्लासमध्ये स्वतःची दुखणी सांगायला लावू नका, सोसायटी आहे, संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर सगळ्यांना कळतं. आम्ही एक खोटा पेशंट ठेवलाय, ‘शेजारचे काका’, जगातले सगळे आजार त्यांना आहेत. आणि जोडीत प्रत्येकाला एकदा डॉक्टर होऊ द्या. ज्या काकूंना शब्द फुटत नव्हता त्यांना स्टेथोस्कोप म्हणून मोबाइलची वायर गळ्यात घालून बसवा, प्रश्न विचारता आले की ते ऐकूही येतात. शेवटी डॉक्टरने जे सांगितलं ते परत म्हणून दाखवायची सवय लावा, ‘सो, वन टॅब्लेट, टू टाइम्स, आफ्टर फूड, करेक्ट?’

प्रश्न : मी टेक्ससमध्ये असतो. आई सहा महिने येते, डॉक्टरकडे मीच बरोबर जातो आणि मीच बोलतो. तिला या वयात हे शिकवत बसायची खरंच गरज आहे का?

उत्तर : तुम्ही बोलता ते चांगलंच आहे, पण आई तुमच्यासमोर काय काय बोलत नाही हे तुम्हाला कसं कळणार? लघवीवर ताबा राहत नाही, पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली आणि आता परत डाग दिसला, हे मुलाला सांगून इंग्लिशमध्ये बोलवून घ्यायची तिची तयारी नसते, मग ती ‘काही नाही रे, गुडघे दुखतात’ म्हणते आणि तुम्ही प्रामाणिकपणे गुडघे सांगता. एक बाई तर डॉक्टरांना ‘एम.सी.’ म्हणत राहिल्या, आपल्याकडे बायकांत सर्रास चालतं, तिकडे कुणाला कळेना. पिरियड हा एक शब्द जरी शिकवला असता तरी काम झालं असतं.

आणि तुमच्याकडे एक सोय आहे. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना पेशंटला दुभाषा फुकट द्यावा लागतो, १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यापासून आणि पुढे २०१० च्या अफोर्डेबल केअर कायद्याच्या कलम १५५७ ने. तुमचा दुभाषा तुम्हीच आणा अशी सक्ती ते करू शकत नाहीत, आणि इमर्जन्सी सोडली तर लहान मुलांकडून भाषांतर करून घ्यायचं नसतं, तेव्हा सातवीतल्या नातीला आजीबरोबर पाठवू नका. बहुतेक वेळा दुभाषा फोनवर नाहीतर स्क्रीनवर येतो. आईला एवढं मात्र पाठ करून द्या, ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’ नुसतं ‘इंडियन’ म्हटलं तर हिंदीचा लावून देतील. अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवलं तर आणखी बरं.

तुम्ही बरोबर जाच, पण दहा मिनिटं बाहेर बसा.

प्रश्न : मी सांगलीची, नर्स आहे, ओईटीची (परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्लिश परीक्षा) तयारी करतेय. मेडिकल टर्म्स सगळ्या येतात तरी सरावाच्या रोल-प्लेमध्ये मार्क पडत नाहीत.

उत्तर : टर्म्स येतात म्हणूनच पडत नाहीत, हसू नका! ओईटीच्या स्पीकिंगमध्ये साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले असतात आणि समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक झालेला असतो. त्याला तुम्ही हायपरटेन्शन, एडेमा, इन्जेस्ट म्हणालात तर शब्द बरोबर, संभाषण फुकट. त्याचं म्हणणं समजून घेतलं का, त्याच्याशी नातं जोडलं का, यालाही तिथे मार्क आहेत. ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘स्वेलिंग’, ‘स्वॉलो’ म्हणा. आणि माहिती ओतायच्या आधी एकदा तरी विचारा, ‘व्हॉट वरीज यू मोस्ट?’ उत्तर आलं की तेच धरून पुढे बोला, कार्डावरचा पुढचा मुद्दा थोडा थांबला तरी चालतो.

वॉर्डात मराठी पेशंटशी तुम्ही कशा बोलता ते एक दिवस नीट ऐका. ‘आजी, कुठं दुखतंय, दाखवा बघू’ असंच म्हणता ना? तेच इंग्लिशमध्ये म्हणा, ‘कॅन यू शो मी व्हेअर इट हर्ट्स?’