समुद्रकृमी हाताळताना

तुम्ही निरीक्षणाला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की कृमी चिमट्याने कधीही उचलू नका. पाठीवर खवले असलेला कृमी दाब जाणवताच खवले गाळतो, आणि काही जातींत तो गळालेला खवला अंधारात लुकलुकत राहून शत्रूला गुंतवतो, तोवर कृमी निसटलेला असतो. मऊ कुंचल्याने, पाण्यासकट उचला. मात्र प्रत्येक तुटणे ही इजा नव्हे: सामोआतील पालोलो कृमीचा अंड्यांनी किंवा शुक्राणूंनी भरलेला मागचा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कृष्ण अष्टमीच्या सुमारास, आपणहून सुटून पृष्ठभागाकडे पोहत जातो आणि डोक्याकडचा भाग प्रवाळातील बिळातच जिवंत राहतो. असा सुटा तुकडा दिसला, तर मेलेला समजून टाकून देऊ नका.